लाईट संपून सहा वर्षं झाली, मान अजून बकरमसारखी

शिवणटीप

नमस्कार मंडळी. मी शिंपी आहे, वय ५४. जानेवारी २०१९ मध्ये जिभेच्या डाव्या कडेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जिभेचा तुकडा काढला, डाव्या मानेतल्या गाठी काढल्या. टाके सुकल्यावर ३० सिटिंग लाईट, म्हणजे रेडिएशन घेतलं, एकूण ६० ग्रे (किरणांच्या डोसचं माप). लाईट एप्रिलच्या शेवटी संपली. तोंड आलं, मानेची कातडी काळी पडून सोलली, दोन महिने पेज आणि नाचणीच्या सत्त्वावर काढले. पण भरून आलं सगळं, दिवाळीच्या सीझनला मी मशीनवर परत बसलो होतो.

हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा माझी मान व्यवस्थित वळत होती. दुखणं संपलं असं धरून मी चाललो होतो.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेत होतो. खाली गुडघ्यावर बसायचं, टेप टाचेपाशी धरायची आणि वर बघून विचारायचं, ‘इथवर चालेल का?’ तीस वर्षं हेच करतोय. त्या दिवशी तोंड वर गेलंच नाही. हनुवटीखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं झालं. मी त्याच्या गुडघ्याकडे बघत प्रश्न विचारला.

तेव्हापासून हळूहळू वाढतच गेलं. हाताला मान लागते ती बकरम लावलेल्या कॉलरसारखी, कडक आणि सपाट. आम्हा शिंप्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. अस्तर न भिजवता लावलं आणि पहिल्या धुण्यात ते आखडलं, की वरचं कापड कितीही चांगलं असो, कपडा ओढ धरतो. इस्त्रीने ती ओढ जात नाही. माझ्या मानेत नेमकं तसंच झालंय असं वाटतं.

माझ्याजवळ टेप कायम असते म्हणून मापं लिहून ठेवली आहेत. उजवीकडे वळलो तर हनुवटी ते खांद्याचं टोक ५ इंच, डावीकडे वळलो तर ८ इंच. सकाळी गळ्याचं माप १६, रात्री साडेपंधरा. हा अर्ध्या इंचाचा फरक का पडतो ते मला कळत नाही.

जिथे उपचार घेतले तिथे लाईट संपताना जेवणाचा कागद दिला, तोंड उघडायचे व्यायाम दाखवले. मानेबद्दल एक शब्द नाही. नंतर तपासणीला विचारलं तर ‘एवढं तर राहणारच, जीव वाचला ना?’ एवढंच उत्तर मिळालं. जीव वाचला हे मी विसरलेलो नाही. पण मला रोज आठ तास मान घालून काम करायचं असतं.

माझ्या चुकाही सांगतो. मानेचा पट्टा आणून आठ महिने दिवसभर लावला. बरं वाटायचं, पण काढला की मान आधीपेक्षा जड. मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. त्या कातडीला चटका समजत नाही हे माहीत नव्हतं. फोड आला, तो भरायला पाच आठवडे लागले.

आणि एक लागलेली गोष्ट. मागून कोणी हाक मारली तर मला अख्खं वळावं लागतं, वेळ लागतो. गल्लीतला एक जुना ओळखीचा दुसऱ्याला म्हणाला, ‘मास्तर आता ताठ झालेत, हाक मारली तर बघत नाहीत.’ मी दोन रात्री झोपलो नाही.

कोणाची मान अशी आहे का? इतक्या उशिरा व्यायाम सुरू करून फरक पडतो का? कृपया अनुभव लिहा.

कृष्णाकाठची

काका, वाचून पोटात तुटलं. माझ्या आईचा गालाचा कॅन्सर होता, मिश्री लावायची लहानपणापासून. वय ६३. तिच्या लाईटच्या वेळी आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सहा आठवडे राहिलो. तिथे शेजारी नांदेडकडच्या एक मावशी होत्या, त्यांचा दुसऱ्यांदा उपचार चालला होता. त्या रोज संध्याकाळी आईला समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, ‘बाई, आज मान हलतीय तवर हलव. उद्या मागून मिळत न्हाई.’ आम्हाला जे कळलं ते त्यांच्याकडून.

आईची मानसुद्धा आखडलीच, नाही असं नाही. मंगळसूत्र टोचतं म्हणून आता काढून देवापुढे ठेवलंय. पण ती स्वयंपाक करते, देवळात जाते, मागे वळून माझ्याशी बोलते. तिने व्यायाम कुकरला बांधून टाकलाय. कुकर गॅसवर चढला की ओट्याला टेकून उभी राहायची. पहिल्या शिट्टीपर्यंत मान उजवीकडे-डावीकडे, दुसरीपर्यंत कान खांद्याकडे, तिसरीपर्यंत खांदे मागे. वेगळा वेळ काढायला सांगितला असता तर आठ दिवसांत बंद पडलं असतं. कुकर मात्र दोन्ही वेळा लागतोच.

तोंड उघडायच्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, एकावर एक रचून दातांमध्ये धरते. आधी ११ बसायच्या, आता १७ बसतात.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डोकं-मानेच्या कॅन्सरचे रुग्ण बरीच वर्षं बघतेय. शिवणटीप दादा, तुमचं अस्तराचं उदाहरण मी आता माझ्या रुग्णांना सांगणार आहे, कारण ते खरोखर तसंच असतं.

लाईटने कॅन्सरच्या पेशी मरतात तशी आजूबाजूच्या चांगल्या भागालाही इजा होते. ती भरून काढताना शरीर तिथे दोऱ्यासारखा चिवट भाग विणतं आणि ते विणणं वेळेवर थांबत नाही. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, स्नायूंवरचं आवरण आकसतं, स्नायूची लवचीकता जाते. याला फायब्रोसिस म्हणतात. ते उपचारानंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी डोकं वर काढतं आणि पुढेही वाढू शकतं. म्हणूनच ‘लाईट संपली तेव्हा तर मान चांगली होती’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. त्यात तुमची काही चूक नाही.

उशीर झालाय का? लवकर सुरू केलेलं नक्कीच चांगलं. पण सहा-सात वर्षांनी सुरू करणाऱ्यांनाही फरक पडताना मी बघितलाय. विणलेलं सगळं उसवत नाही, हे आधी मान्य करू. मात्र त्याच्या आजूबाजूचे जे स्नायू नुसते न वापरल्याने आखडलेत ते मोकळे होतात, आणि पुढचं आखडणं थोपवता येतं.

कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर लगेच करा, तेव्हा कातडी आणि स्नायू मऊ असतात. ताठ बसा. हनुवटी सरळ मागे ओढा, मानेला दुहेरी हनुवटी येईल अशी. ही हालचाल सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या बाजूची ओढ डोकं पुढे खेचत असते. मग वळणं, मग कान खांद्याकडे नेणं. प्रत्येक ठिकाणी ताण जाणवेल तिथवर जायचं आणि २० ते ३० सेकंद थांबायचं, श्वास रोखायचा नाही. झटके द्यायचे नाहीत. ताण हवा, पण कळ यायला नको. प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा, दिवसातून दोन-तीनदा. एकदम तासभर करून दोन दिवस झोपून राहण्यापेक्षा हे थोडं थोडं खूप जास्त उपयोगी.

एक विचारते. डावा खांदा खाली उतरलाय का? हात डोक्याच्या वर जाताना अडतो का? मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस अगदी त्याच वाटेवर असते. ती वाचवली तरी ताणली जाते आणि पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. खांदा लटकत राहिला की त्याचं वजन मानेवर येतं. मग नुसती मान ताणून भागत नाही, पाठीच्या फऱ्यांचे व्यायाम लागतात: दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणून पाच मोजायचे.

पट्टा बंद केलात ते बरं केलंत. गरम पिशवी तर त्या भागावर कधीच नको. आणि कोणी दवाखान्यात शेकाचं मशीन लावतो म्हणालं तर आधी सांगा की इथे कॅन्सर होता. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावून घेऊ नका.

शिवणटीप

ताई, तुम्ही खांदा कसा ओळखलात! डाव्या खांद्याचा उतार उजव्यापेक्षा पाऊण इंच जास्त आहे. माझ्या स्वतःच्या शर्टला मी दोन वर्षं डावीकडे पॅड घालतोय. मानेचा आणि त्याचा संबंध असेल हे सुचलंच नव्हतं.

अजून एक विचारायचं आहे. आमच्या सलूनवाल्याने मागच्या महिन्यात दाढी झाल्यावर न विचारता डोकं धरलं आणि मान काडकन मोडायला गेला. मी हात धरून थांबवलं. तो म्हणाला, एकदा मोडून बघा, सगळं मोकळं होईल. बरेच जण हेच सांगतात, हाडवैद्याकडे चला म्हणून. हे करावं का?

दवबिंदू

नाही. कधीच नाही. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत काम करते, आणि या धाग्यातलं काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

लाईट घेतलेल्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यासुद्धा कडक झालेल्या असतात, हाडंही कमकुवत झालेली असू शकतात. झटक्याने मान मोडताना रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. चांगल्या मानेलाही हा धोका आहे, तुमच्या मानेला तर दुप्पट काळजी हवी. खुर्चीत बसतानाच सांगायचं, ‘मानेला हात नाही.’

मेंदूकडे जाणाऱ्या याच रक्तवाहिन्या लाईटनंतर काही वर्षांनी आतून अरुंद होऊ शकतात. म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा आणि तंबाखू घरातसुद्धा नको. मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं, दोन मिनिटांत बरं वाटलं तरीही, थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

दुसरं, थायरॉइड. ही ग्रंथी मानेच्या खालच्या भागात असते आणि लाईटच्या टापूत येते. कित्येक रुग्णांत ती पुढच्या काही वर्षांत मंदावते. मंदावली की थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं हे होतंच, शिवाय स्नायू दुखतात आणि ताठरतात. ते सगळं आपण लाईटच्या नावावर टाकतो. दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी आयुष्यभर करायची असते. तुमची शेवटची कधी झाली?

आणि तिसरं. इतके दिवस होता तसाच ताठरपणा असेल तर तो फायब्रोसिस. पण अचानक वाढलेलं दुखणं, नवी गाठ, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, आवाज बसणं, गिळताना नव्याने अडकणं, वजन उतरणं असं काही दिसलं तर व्यायाम थांबवून आधी तपासून घ्या. तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

फायब्रोसिससाठी पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. काही रुग्णांना त्या देतात, फायद्याचे पुरावे संमिश्र आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातून आणून घ्यायच्या गोळ्या नाहीत या. मानेत गोळे किंवा पेटके येत असतील तर बोट्युलिनमची इंजेक्शनंही देतात, तेही त्यातल्या जाणकाराकडूनच.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा चिपळूणचा. टॉन्सिलचा कॅन्सर, ऑपरेशन नाही, ३५ सिटिंगमध्ये ७० ग्रे आणि सोबत केमो.

दादा, तुमच्या त्या अर्ध्या इंचाचं उत्तर माझ्याकडे आहे. ती लसिकेची सूज. गाठी काढल्या आणि वर लाईट बसली की मानेतलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा तुटतात. रात्री आडवं पडलं की हनुवटीखाली पाणी साचतं, दिवसा उभं राहिलं की उतरतं. म्हणून सकाळी १६ आणि रात्री साडेपंधरा. मला आरशात सकाळी हनुवटीखाली मऊ पिशवी दिसायची, ती मी वजन वाढल्याची समजत होतो. ही सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर तीच पुढे कडक होते.

यासाठीचा मसाज एका थेरपिस्टने शिकवला. चंपीच्या अगदी उलटा असतो तो. हात इतका हलका की खालचा स्नायू जाणवताच कामा नये, फक्त कातडी सरकली पाहिजे. आणि सुरुवात सुजेवरून नाही तर लांबून, काखेपासून आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यांपासून. आधी पुढची वाट मोकळी करायची, मग गळ्यावरून हात फिरवत पाणी तिकडे न्यायचं. आमच्या कोकणात पहिल्या पावसाआधी पन्हाळी खालच्या टोकाकडून साफ करत येतात, तसं. पण हे वाचून किंवा व्हिडिओ बघून करू नका, एकदा शिकून घ्या. संसर्ग असेल किंवा मानेच्या रक्तवाहिनीचा त्रास असेल तर हा मसाज चालत नाही.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, त्याचाही फायदा झाला.

दवबिंदू ताईंना एक विचारतो. लाईट संपून तीनेक महिन्यांनी मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा. भीतीने अर्धा झालो होतो. नंतर आपोआप गेलं. ते काय असतं?

दवबिंदू

त्याला लर्मिटचं लक्षण म्हणतात. मज्जारज्जूच्या नसांवरचं आवरण तात्पुरतं पातळ होतं. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप जातं. पण झालं तर डॉक्टरांना सांगायचंच, आणि वर्षा-दोन वर्षांनी नव्याने सुरू झालं तर लगेच. मसाजबद्दल तुम्ही लिहिलेलं योग्य आहे.

रानमेवा

मी ३१ वर्षांचा. गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मला एक दिवसही शोधावा लागला नाही. शेवटची सिटिंग होऊन तीन आठवडे झाले. मानेची कातडी अजून ओली आहे. हा धागा रात्री दोनला वाचतोय आणि घाबरलोय. आत्ता लगेच काही करू का?

हालचाल

रानमेवा, घाबरू नकोस. तू योग्य वेळी आलायस, इथे बाकीच्यांना हे कळायला वर्षं गेली. ओल्या कातडीवर मसाज नाही, तेल नाही, ताणून धरणं नाही. पण मान जितकी सहज वळते तितकी हळूच वळवायला आणि खांदे गोल फिरवायला हरकत नाही, उद्या तुझ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर. तोंड उघडायचं तर आजपासून. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का ते रोज बघ. गुटख्याने तोंड आधीच आखडलेलं असेल, तर लाईटने ते आणखी मिटतं. कातडी भरली की मला व्यनि (खाजगी निरोप) कर, पुढचं सांगते. दात काढायची वेळ आली तर लाईट देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नकोस, जबडा भरून यायला त्रास होतो.

कृष्णाकाठची

रानमेवा, रात्री दोनला जाग आली तर इथे लिही. मीही तेव्हा जागी असते बऱ्याचदा. आईला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, पोराला सांग, गार दूध घोटघोट पी आणि ओलं फडकं उशाशी ठेव.

शिवणटीप

साडेतीन महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला, लग्नसराई होती.

टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेली. गेली दोन वर्षं मी दुपारी कपड्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपत होतो, वय झालं म्हणत होतो. गोळी चालू झाली, रोज सकाळी उपाशीपोटी. दोन महिन्यांत अंगाचं आंबणं गेलं. मान पूर्ण सुटली नाही, पण सकाळी उठल्यावर जे लाकूड असायचं ते आता नाही. दवबिंदू ताई, तुमचे उपकार मानायला शब्द नाहीत.

कापायचं टेबल सहा इंच उंच करून घेतलं. सुताराने पायांना तुकडे जोडले. आधी कापताना मी कमरेतून आणि मानेतून वाकायचो, आता कोपर टेकतं. मशीनवर अर्धा तास झाला की उठायचं म्हणून एका वेळी एकच बॉबिन भरून घेतो. संपली की उभं राहून मान आणि फरे, मग दुसरी भरायची.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी लसिकेचा मसाज शिकवणारं कोणी सापडलं नाही. पुण्याला दोनदा जाऊन शिकून आलो. बायकोही शिकली, कारण माझा डावा हात मागपर्यंत पोचत नाही. ती म्हणते, इतक्या हलक्या हाताने तर मी भाकरीसुद्धा फिरवत नाही.

मापं: डावीकडे ८ होतं ते साडेसहा. उजवीकडे ५ चं साडेचार. गळा सकाळी पावणेसोळा. वर बघणं अजून कमीच आहे. पँटची उंची घेताना आता मी गिऱ्हाइकाला पाटावर उभं करतो, म्हणजे मला गुडघ्यावर बसावं लागत नाही, स्टुलावरून समोरच बघता येतं.

त्या ओळखीच्या माणसाला एक दिवस दुकानात बसवून चहा पाजला आणि मानेवरची खूण दाखवली. तो काही बोलला नाही. आता हाक मारायची असली की पुढे येऊन मारतो.

रानमेवा, कसा आहेस? लिही.

रानमेवा

बरा आहे दादा. कातडी भरली. तीन बोटं जातात, तिसरं जरा घासून जातं. मान रोज करतो, अंघोळीनंतर. परवा पहिली तपासणी झाली, चांगली आहे म्हणाले.

कृष्णाकाठची

काका, किती बरं वाटलं वाचून. एक वेगळंच विचारू का? भाचीचं लग्न आहे आणि आईला एकही ब्लाउज घालवत नाही. गळा काचतो, हात मागे जात नाही, डावा खांदा घसरतो. ती म्हणते, मी लग्नाला येतच नाही. शिंपी म्हणून काही सुचेल का?

शिवणटीप

सुचेल म्हणजे काय, हे तर माझं कामच आहे. पुढून हूक घ्या, मागून नको. पुढचा गळा नेहमीपेक्षा दीड इंच खाली, रुंद आणि गोल, म्हणजे कड सुजेच्या वर येणार नाही. गळ्याला पायपिन नको, ती कातडीला घासते. त्याऐवजी मलमलची तिरकी पट्टी आतून दुमडून हातशिलाई करायची. बाही मोकळी आणि बगलेत चौकोनी कळी घालायची, हात वर जाताना ब्लाउज ओढला जात नाही. डाव्या खांद्याला आतून पातळ पॅड, पदर घसरणार नाही आणि उतार दिसणार नाही. खांद्यांची मापं दोन्ही वेगवेगळी घ्या, एका खांद्यावरून दुसरा धरू नका. अस्तर सुती, आणि रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापायचं.

तिथल्या शिंप्याला हे वाचून दाखवा. नाहीतर जुना एक ब्लाउज आणि कापड माझ्याकडे पाठवा, पत्ता व्यनि करतो. लग्नाची तारीख आधी सांगा.